फोनचा माळा की भाड्याचं कोठार?

‘जागा शिल्लक नाही’ ही पाटी फोनवर नेमकी केव्हा झळकते, हे तुम्हांला सांगायला नकोच. धाकटीचं गॅदरिंगमधलं नृत्य नुकतंच सुरू झालेलं असतं, किंवा भाचीच्या लग्नात अंतरपाट दूर व्हायला दोन क्षण उरलेले असतात. मागच्या बायका ‘खाली बसा हो’ म्हणत असतात, आणि आपण उभ्या उभ्या बोटानं जुने फोटो भराभर पुसत असतो. काय पुसलं ते पाहायला तेव्हा सवड नसते. ते कळतं सहा महिन्यांनी, सासूबाईंचा एखादा चांगला फोटो शोधायची वेळ आली म्हणजे.

मग सल्ले सुरू होतात. कोपऱ्यावरचा मोबाईलवाला म्हणतो, “कार्ड टाका ताई, टेन्शन संपलं.” कॉलेजातला मुलगा म्हणतो, “आई, कार्ड-बिर्ड कोण वापरतं आता? सगळं क्लाऊडवर टाक.” आणि ‘हे’ वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगतात, दिवाळीला नवा फोन घेऊ. तिघांचंही आपापल्या परीनं बरोबर आहे. फक्त तिघंही बोलत असतात ते जागेबद्दल. आपल्याला हवं असतं ते निराळंच. वस्तू टिकावी, आणि हवी तेव्हा हाती लागावी.

मैत्रिणींनो, जागा करणं वेगळं आणि जपणं वेगळं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? फडताळात गर्दी झाली म्हणून लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली, तर फडताळात जागा झाली खरी. पण बरणी एकच होती, ती एकच राहिली. माळ्यावरून पडली तर वर्षाचं लोणचं गेलंच. फोनमधले फोटो कार्डावर हलवले, किंवा क्लाऊडवर चढवून फोनमधून काढून टाकले, की हेच होतं. जागा होते, पण प्रत एकच राहते. कार्ड आणि क्लाऊड यांच्यातल्या निवडीचा विचार करताना ही गोष्ट आधी मनाशी पक्की करा. मग बाकीचं सोपं जाईल.

आता थोडा हिशेब. कोठीतला साठा मोजल्याशिवाय आपण वाण्याची यादी करत नाही, तसंच हे. साधारण फोनचा एक फोटो ३ ते ४ एमबीचा असतो. म्हणजे १ जीबीत अडीचशे-तीनशे फोटो मावतात. खरी जागा खातात ते व्हिडिओ. ‘१०८०पी’ या नेहमीच्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ ६० ते १३० एमबी घेतो, आणि तोच ‘४के’ या दर्जात काढला तर १७० ते ३५० एमबी. वीस मिनिटांचं एक नाटुकलं ४के मध्ये काढलंत, तर साडेतीन ते सात जीबी एका दमात खलास! पुन्हा ते पाहायचं आपल्याच फोनच्या वीतभर पडद्यावर. तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ४के ऐवजी १०८०पी करून ठेवणं, हा सर्वांत स्वस्त उपाय. यात कार्डही लागत नाही आणि क्लाऊडही नाही.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे व्हॉट्सॲपची झाडलोट. सुप्रभातची फुलं, उपदेशाच्या पाट्या, एकच व्हिडिओ चार गटांतून चारदा, हे सगळं आपोआप फोनमध्ये उतरत असतं. सेटिंगमधलं आपोआप उतरवणं बंद करा, आणि तिथेच साठवणुकीच्या पानावर कुठल्या गटानं किती जागा अडवली आहे ते दिसतं, तिथून मोठे व्हिडिओ आधी काढा. नणंदेला वाईट वाटेल म्हणून फुलं ठेवून देऊ नका. तिला काही कळत नाही.

एवढं करूनही जागा पुरत नसेल, तर प्रश्न येतो कार्ड की क्लाऊड.

मेमरी कार्ड म्हणजे फोनचा माळा. १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड असा तो नखाएवढा तुकडा. मोठ्या एसडी कार्डाचा जन्म १९९९ सालचा, तीन कंपन्यांनी मिळून केलेला. त्याचं हे बारकं रूप ‘मायक्रोएसडी’ या नावानं २००५ च्या सुमारास रूढ झालं. एकदा पैसे टाकले की महिन्याचं भाडं नाही, इंटरनेट नसलं तरी अडत नाही, एसटीत बसल्या बसल्या गाणी ऐकता येतात. आपल्यासारख्या माणसांना ही गोष्ट आवडते, आणि आवडावीच.

पण सगळ्या फोनांना हा माळा नसतो. आयफोनला तो २००७ पासून कधीच नव्हता. सॅमसंगनं आपल्या महागड्या ‘एस’ मालिकेतून तो २०१५ साली काढला, ओरड झाल्यावर २०१६ साली परत दिला, आणि २०२१ साली पुन्हा काढून टाकला. कंपन्या सांगतात की आतली मेमरी कार्डापेक्षा पुष्कळ वेगवान असते, आणि ते खरं आहे. पण आतली जागा वाढवून हवी असेल तर महागातला फोन घ्यावा लागतो, हेही खरं. त्यात त्यांचं नुकसान आहे असं मला काही वाटत नाही! मध्यम किमतीच्या कित्येक फोनांत आणि बऱ्याच टॅबलेटांत मात्र कार्डाची खोबण अजून असते. घेण्याआधी ती उघडून पाहा. काही फोनांत दुसरं सिम आणि कार्ड यांची जागा एकच असते. म्हणजे दोन नंबर वापरणाऱ्या बाईला कार्ड घालताच येत नाही. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

कार्ड घेताना जाहिरातीला भुलू नका. चारशे-पाचशे रुपयांत १ टीबीचं कार्ड कुणी देत असेल, तर समजावं की दुधात पाणी नव्हे, पाण्यात दूध आहे. अशा नकली कार्डात प्रत्यक्ष जागा अगदी थोडी असते. पण फोनला ते ‘माझ्यात १ टीबी आहे’ असं बिनदिक्कत खोटं सांगतं. खरी जागा भरली, की पुढचे फोटो नुसते नावाला दिसतात, उघडत नाहीत. आणि हे लक्षात येतं ते महिन्या-दोन महिन्यांनी, तोवर फोनमधली मूळ प्रत आपण आनंदानं पुसलेली असते. म्हणून कार्ड खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊन घ्यावं, आणि आणल्यावर आधी बिनमहत्त्वाच्या व्हिडिओंनी काठोकाठ भरून शेवटचा उघडतो का ते पाहावं. संगणक जाणणारं कुणी घरात असेल, तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम हेच काम चोख करतो.

आणखी एक गैरसमज आहे. कार्डावर एकदा फोटो ठेवले आणि ते दागिन्यांच्या डबीत टाकून दिलं, की नातवंडांपर्यंत टिकेल असं पुष्कळजणींना वाटतं. तसं नाही बरं का. कार्डात काही कोरलेलं नसतं. अतिशय बारीक कप्प्यांमध्ये विजेचा भार अडकवून ठेवलेला असतो, आणि वापर न करता वर्षानुवर्षं पडून राहिलं तर तो हळूहळू झिरपून जाऊ शकतो. दर वेळी लिहिता-पुसताना कप्पे थोडे थोडे झिजतात ते वेगळंच. शिवाय कार्ड मरतं ते बहुधा पूर्वसूचना न देता. काल चालत होतं, आज फोन म्हणतो ‘फॉर्मॅट करा’. अशा वेळी घाबरून ‘हो’ म्हणू नका. कार्ड काढून संगणकात लावून पाहा.

नवीन कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात, हे कार्ड फोनच्या आतल्या मेमरीचाच भाग म्हणून वापरायचं, की वेगळं ठेवायचं? ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ सालापासून आली. पहिला पर्याय ऐकायला छान वाटतो. पण मग ते कार्ड त्या एका फोनशी कुलूपबंद होतं. फोन बिघडला, तर कार्ड दुसऱ्या कशातही उघडत नाही. म्हणून कार्ड वेगळंच ठेवावं, हे माझं स्पष्ट मत.

उलट, वेगळ्या ठेवलेल्या कार्डाला सहसा कुलूप नसतं. फोन चोरीला गेला, तर फोनचा पासवर्ड तुमचा असला तरी कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की चोराला सगळं दिसतं. फोन दुरुस्तीला देतानाही हेच. घरात वयात आलेल्या मुली आहेत, त्यांचे फोटो आहेत. दुकानात फोन देण्याआधी कार्ड आणि सिम काढून पर्समध्ये टाकायची सवय लावून घ्या. दुकानदार सज्जन असेलही, पण आपण भाजीवाल्याकडेसुद्धा पाकीट उघडं ठेवून जात नाही.

मग कार्ड कशाला चांगलं? जे हरवलं तर पुन्हा मिळवता येईल, त्याला. मुलांच्या टॅबलेटवरचे अभ्यासाचे व्हिडिओ, प्रवासात पाहायचे सिनेमे, अभंग, भावगीतं. मी शिकवते तिथल्या पालकांनाही मी हेच सांगते: टॅबला ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड घाला, धडे त्यावर उतरवून ठेवा, म्हणजे रोज डेटा जळत नाही. त्या कार्डाचं काही झालं तर धडे पुन्हा उतरवता येतात. बाळाचं पहिलं पाऊल पुन्हा उतरवता येत नाही.

आता क्लाऊड. नाव मोठं गोड आहे, पण यात आकाशातलं काही नाही. कुणा कंपनीच्या मोठमोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणारे संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रं, वीज गेली तर जनरेटर, असा तो कारभार असतो. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या पट्ट्यात अशा इमारती उभ्या आहेत. तुमचे फोटो नेमके कुठल्या देशातल्या इमारतीत आहेत, हे मात्र तुम्हांला दिसत नाही. थोडक्यात, हे परगावचं भाड्याचं कोठार. राखणदार चांगला, जागा हवी तेवढी. पण कोठार आपलं नाही आणि भाडं थांबवून चालत नाही.

सुरुवातीला हे भाडं नव्हतं. गुगल फोटोज २०१५ साली निघालं, तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, अशी सोय होती. १ जून २०२१ पासून ती बंद झाली. आता गुगलकडे फुकट मिळतात ते १५ जीबी, आणि त्यात फोटो, ड्राइव्ह आणि जीमेलची पत्रं यांची एकत्र चूल. २०२४ पासून अँड्रॉइड फोनांवरच्या व्हॉट्सॲपची राखीव प्रतही त्याच हिशेबात धरली जाते. आयफोनवाल्यांना ॲपल देतं ते फक्त ५ जीबी. सवय लागेपर्यंत फुकट आणि मग भाव, ही रीत आपण बाजारात पुष्कळदा पाहिली आहे.

१५ जीबी भरले की नुसते फोटो थांबतात असं समजू नका. जीमेलवर येणारी पत्रंही थांबतात! बँकेचं, शाळेचं, नोकरीच्या मुलाखतीचं. पुष्कळ घरांत मुलाच्या प्रवेश-अर्जावर आईचाच ईमेल दिलेला असतो, हे ध्यानात घ्या. मर्यादेबाहेर जाऊन दोन वर्षं तसंच राहिलं, तर गुगल साठवलेलं काढून टाकू शकतं. दोन वर्षं उघडलंच नाही, असं खातंही पुसलं जाऊ शकतं. ही कारवाई २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू झाली. जुनं खातं आठवत असेल, तर आजच एकदा उघडून ठेवा.

क्लाऊडमधली सर्वांत फसवी गोष्ट मात्र ही नव्हे. कोठार आणि फोन एका दोरीनं बांधलेले असतात, ही आहे. फोनमधल्या गुगल फोटोजमध्ये किंवा आयक्लाऊडला जोडलेल्या आयफोनमध्ये एखादा फोटो ‘डिलीट’ केला, की तो कोठारातूनही जातो, आणि घरातल्या टॅबवरूनही. ‘जागा होण्यासाठी पुसते, वर आहेच की’ असं म्हणून किती जणींनी दोन्हीकडची प्रत घालवली असेल! गुगलमध्ये फक्त फोनमधली जागा मोकळी करायचं बटण वेगळं आहे. चढवून झालेले फोटोच ते फोनमधून काढतं. आयफोनमध्ये सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ’ हा पर्याय निवडला, की फोनमध्ये छोटी प्रत राहते आणि मोठी वर. चुकून पुसलंच, तर कचऱ्याच्या डब्यात पाहा: गुगलकडे चढवलेले फोटो ६० दिवस राहतात, ॲपलकडे साधारण ३० दिवस. त्यानंतर देवाचं नाव.

आणि हो, फोटो चढवताना डेटा लागतो. वायफाय असेल तेव्हाच चढवायचं, अशी खूण सेटिंगमध्ये करून ठेवावी. नाहीतर सकाळीच दिवसाचा डेटा संपतो आणि दुपारी यजमानांचा फोन लागत नाही म्हणून घरात वाद होतो.

एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढे राखणदार, तिथे काय होणार, असं म्हणाल तर ऐका. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे अशी एक आख्खी इमारत जळाली आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचं सगळं गेलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी माहिती केंद्राला आग लागली. तिथे सरकारी नोकरांच्या कामाचे कागद ठेवण्याचं ‘जी-ड्राइव्ह’ नावाचं कोठार होतं, ८५८ टीबीचं. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. देश केवढा पुढारलेला, आणि चूक अगदी लोणच्याच्या बरणीची! खासगी कंपन्या फोटोंच्या एकाहून अधिक प्रती ठेवतात हे खरं, पण विसंबून राहायचं ते किती, हा प्रश्न उरतोच.

मग काय, सगळं घरातच ठेवावं? तर २०१९ च्या ऑगस्टमधलं सांगली-कोल्हापूर आठवा, २०२१ च्या जुलैमधलं चिपळूण आठवा. पाणी माणसांच्या डोक्यावरून गेलं. ज्या कपाटात लग्नाचा आल्बम होता, त्याच कपाटात पेनड्राइव्ह, त्याच घरात संगणक. घरातल्या दहा प्रतींना एकच पूर पुरतो. म्हणून एक प्रत घराबाहेर हवीच, आणि त्या कामाला क्लाऊडसारखी दुसरी सोय नाही.

छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्या घराला तो असा बेतता येतो. फोनमधले फोटो आपोआप क्लाऊडवर जाऊ द्या; ही घराबाहेरची प्रत. दर तीन महिन्यांनी, सोयीचा एक रविवार धरून, निवडक फोटो संगणकावर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा, ही घरातली. फोनमध्ये राहतील ते तिसरे. आणि कार्ड? ते गाण्या-सिनेमांना, आणि फार तर प्रवासात जास्तीची एक प्रत म्हणून. फुकटच्या १५ जीबीत मावायचं असेल तर निवडणं आलं. पंचवीसपैकी तीन फोटो ठेवा. बावीस काढताना जीव तुटतो, पण एकाच केकचे बावीस फोटो कुणीही कधी परत पाहत नाही. भाडं देण्याची ऐपत असेल तर वर्षाचं एकदम भरा. दरमहा कापून घेणारी रक्कम कार्डाची मुदत संपली की गुपचूप थांबते.

आता शेवटची, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: किल्ली कुणाकडे? माझ्या ओळखीच्या एका बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. वीस वर्षांचे कौटुंबिक फोटो त्यांच्या खात्यात. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. त्यांचा नंबर घरच्यांनी ‘आता कशाला’ म्हणून बंद करून टाकला, आणि खात्यात शिरायला लागणारा ओटीपी त्याच नंबरवर येत होता. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. तसा तो गेलाही. फोटो कुठेतरी सुखरूप आहेत, पण बाईंना ते दिसत नाहीत. त्यांच्याकडे उरले ते व्हॉट्सॲपवर नातेवाइकांनी परत पाठवलेले, धुरकट झालेले.

आपल्यापैकी कितीजणींचं खातं मुलानं उघडून दिलेलं असतं, त्याच्याच नंबरवर! बँकेत आपण नॉमिनी लावतो, तशी इथेही सोय आहे. गुगलच्या खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाचं पान असतं. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि त्याला काय मिळावं, ते तिथे लिहून ठेवता येतं. ॲपलनं ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही सोय २०२१ सालापासून दिली आहे. नवरा-बायकोनं एकमेकांची नावं घालावीत. विषय काढायला जड जातो, कबूल. पण विम्याचा काढतोच ना? ओटीपी येणारा नंबर चालू आहे आणि आपलाच आहे, एवढं बघा. पासवर्ड घरहिशेबाच्या वहीत नको, कपाटाच्या आतल्या कप्प्यातल्या कागदावर चालेल.

हे सगळं लावून झालं की एक परीक्षा घ्या. तुमच्या फोनला हात न लावता, घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर तुमचं खातं उघडा आणि पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो शोधून खाली उतरवा. तोच फोटो मग हार्डडिस्कवरही उघडा. दोन्हीकडे उघडला, तर पुढच्या गॅदरिंगला खुशाल जागा करायला घ्या. एकीकडे जरी अडलं, तरी त्या दिवशी फोनमधलं काहीही पुसू नका.